चंदाबाईंची लाथ

मूल, ४ नोव्हेंबर २०२४

चंदाबाई,

हे पत्र चुलीत घालण्याआधी निशाकडून एकदा शेवटपर्यंत वाचून घ्या. यांच्या तेरवीपासून मी फोन केला की तुम्ही कापता, म्हणून लिहायला बसले. पत्रही फाडता येतं, पण फाडेपर्यंत चार ओळी कानावर पडतातच.

काम एवढंच आहे की तुम्ही मूलला यावं आणि मला एक लाथ मारावी.

निशा बाळ, हसू नको. आजीला पुन्हा वाचून दाखव.

माझ्या डाव्या पायाची पोटरी फाटली आहे. बाहेरून काही दिसत नाही, आतल्या आत फाटली आहे. मी सकाळी तलावाच्या पाळीवर धावते हे तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. माझ्याबद्दलची बातमी एटापल्लीला माझ्या पत्राआधी पोचते. तर उन्हाळ्यात एकदा धावता धावता मागून पोटरीवर कोणी दगड हाणल्यासारखं झालं. मी तिथल्या तिथे शगुफ्ताला शिवी दिली. शगुफ्ता म्हणजे बसस्टँडजवळ जिचं लेडीज टेलरचं दुकान आहे ती. आम्ही दोघी सोबत धावतो. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही. ती माझ्या पुढे होती आणि पुढूनच ओरडली, "अरे भाभी, मी इथी हावो! मले काय पाठीतून हात फुटले?"

काही आठवडे गप बसले. दुखायचं थांबलं, म्हणून पोळ्यानंतर पुन्हा धावले, तर पुन्हा दगड. पुन्हा बसले. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर वाटलं, आता ठीक आहे. पाळीच्या अर्ध्यावरही पोचले नाही. शगुफ्ता म्हणते, "भाभी, ही पोटरी नाई, ही सासू आहे. एक दिवस गोड बोलली का तुमाले वाटते सुधरली."

लोकांनी सांगितलं ते सगळं केलं. मोहाच्या बियांचं तेल चोळलं. विटेनं शेकलं. आता गल्लीतल्या बाया एकच सांगतात, "पायाळू माणसाची लाथ लागल्याशिवाय हे जात नाही." पायाळू माणूस कुठे शोधायचं? माझ्या ओळखीत तुम्ही एकट्या. सासूबाई सांगायच्या की चंदी पोटातून पाय आधी काढून आली, तेव्हापासून तिचे पाय घरात टिकत नाहीत. तिकडे ज्याची कंबर धरते तो तुमच्या ओट्यावर येऊन पालथा पडतो हेही मला माहीत आहे. तेरवीच्या पंगतीत तुम्ही भामरागडच्या पाहुण्याची उसण काढली होती आणि तो माणूस उठून पुन्हा जेवायला बसला होता.

माझा या गोष्टीवर विश्वास नाही. मी वाचनालयातून शरीराची माहिती देणारं पुस्तक आणलं आहे आणि पोटरीचं पान दोनदा वाचलं आहे. त्यात लाथेचा उल्लेख नाही. पण माझा विश्वास आहे की नाही हे पोटरीला कुठे ठाऊक आहे? शिवाय तुम्ही मोठ्या नणंद. तुमचा पाय मला लागला तर दोष नाही. आणि खरं बोलायचं तर मला लाथ घालावी असं तुमच्या मनात तेरवीपासून आहेच. मन मोकळं होईल आणि पुण्यही मिळेल.

दोन फेब्रुवारीला गडचिरोलीला दौड आहे. शगुफ्तानं माझं नाव दहा किलोमीटरला घालून ठेवलं. तोवर पाय बरा व्हायला हवा.

काल भाऊबीज होती. सकाळी हात आपोआप पाटाभोवती रांगोळी काढून बसला. मग पुसली. तुम्ही काल काय केलंत, ते विचारणार नाही.

वच्छला

&nbsp;

मूल, २४ नोव्हेंबर २०२४

चंदाबाई,

तुमचं उत्तर मिळालं. पत्रानं नाही, तुमच्या लेकाच्या, लच्छूच्या तोंडून. तो धानाची गाडी घेऊन राइस मिलवर आला होता. बिचारा दारातच उभा राहिला. आईचा निरोप म्हणजे गरम तवा असतो, लवकर खाली ठेवावा लागतो.

म्हणाला, "मामी, राग नोको मानू. बाय म्हणते का ते मामाचे बूट घालून पळते ना, म्हणून तिची पोटरी धरते. मामाच धरते मागून. बूट देऊन टाक म्हणा, मंग पाय सुटन."

मी त्याला चहा दिला. चहा पिऊन तो गेला आणि मग मी घरात एकटीच मोठ्यानं बोलले. जे बोलले त्यातलं लिहिण्यासारखं लिहिते.

चंदाबाई, तुमचे भाऊ आयुष्यभर एसटीचे ड्रायव्हर होते. दोन्ही जिल्ह्यांतले सगळे रस्ते त्यांनी पालथे घातले, पण बसून. लग्न झाल्यापासून मी त्यांना कोणाच्या मागे धावताना पाहिलं नाही. आमची म्हैस सुटली तेव्हासुद्धा ते खाटेवरून म्हणाले, "म्हैस येईन वापस." आणि तो माणूस आता तलावाच्या पाळीवर पळत येऊन माझी पोटरी पकडतो? पकडू शकले असते तर मी आनंदानं थांबले असते.

असो. बुटांचं तुमचं दुखणं मला कळतं. तेरवीला गेलेल्या माणसाचं अंथरूण, छत्री आणि पायताण भाच्याला द्यायचं, म्हणजे पुढच्या वाटेवर त्याचे पाय पोळत नाहीत. अंथरूण दिलं, छत्री दिली. बूट मात्र मी दिले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ते घालून घराबाहेर पडले. तुम्ही तेव्हा अंगणात होतात. "माह्या भाऊ तिथी अनवाणी चालून राह्यला आन हे त्याचे बूट घालून मिरवते," असं म्हणून तुम्ही मिळेल त्या बसनं निघून गेलात. कारण मी तेव्हा सांगितलं नाही. आजही सांगत नाही.

पाय सुटला नाहीच, वर नवीन भानगड झाली. शेजारच्या सोमाजीभाऊंनी सांगितलं की लाथ मिळत नसेल तर बिब्बा लावा. त्यांनी स्वतः बिबे तापवून तेल काढून दिलं. त्यांची बायको म्हणत होती, "थोडकासाच लावजो." मी पुस्तकं वाचणारी बाई, मला वाटलं औषध जितकं जास्त तितकं बरं. दुसऱ्या दिवशी पोटरीवर फोडच फोड, आणि हात नीट न धुता तोंड पुसलं म्हणून तोंड फुग्यासारखं. शगुफ्ता आली, तिनं दारातून मला पाहिलं आणि विचारलं, "वच्छलाभाभी घरी आहे का?"

तिनंच मला चंद्रपूरला नेलं. आधी चामडीच्या डॉक्टरकडे, आणि फोड बसल्यावर रीनाकडे. रीना फिजिओथेरपिस्ट आहे. स्नायूंचं दुखणं व्यायामानं दुरुस्त करणाऱ्या असतात, त्यातली. लेक शोभावी अशा वयाची. पोटरीवरचे डाग पाहून तिनं डोक्याला हात लावला.

"काकू, हे कोणी केलं?"

"शेजाऱ्यानं."

"भांडण होतं का?"

"नाही. प्रेमानं केलं."

तिनं मला एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली. उजवी उचलली. डावी जागची हलेना. माझीच टाच, माझंच ऐकेना. रीना म्हणाली, "तुमचं दुखणं थांबतं तेव्हा तुम्ही समजता की बरं झालं. दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली एवढंच. ताकद कुठे आली? ताकद यायच्या आधी धावता, म्हणून परत फाटते." मला हे पटलं. इतके महिने मी बसून राहणं आणि बरं होणं या दोन गोष्टी एकच समजत होते.

मग म्हणाली, धावायचे बूट दाखवा. पिशवीतून काढून दाखवले. तिनं आत हात घातला तर शगुफ्ताच्या दुकानातल्या चिंध्या निघाल्या, ब्लाऊजपीसच्या, रंगीबेरंगी. माझा पाय पाच नंबरचा, बूट नऊ नंबरचे.

"काकू, हे कोणाचे?"

"घरचेच."

"यात पाय घसरू नये म्हणून तुम्ही प्रत्येक पावलाला बोटांनी जमीन धरता. सगळा ताण पोटरीवर येतो. हे बूट आधी कोणाला तरी देऊन टाका."

चंदाबाई, खरं सांगा, तुम्ही या पोरीला ओळखता का? शब्द तोच, फक्त एक एटापल्लीहून आला आणि एक टेबलामागून. मी बूट पिशवीत टाकले. परतीच्या बसमध्ये शगुफ्ता म्हणाली, "भाभी, डॉक्टर आणि नणंद एका बाजूला आल्या तर बाईनं हरून जावं." मी म्हटलं, "तू आपली मशीन चालव."

लाथेचं आमंत्रण अजून मागे घेतलेलं नाही.

वच्छला

&nbsp;

मूल, १२ डिसेंबर २०२४

चंदाबाई,

मी माझ्या मापाचे बूट घेतले. हे तुम्हाला आधी सांगते म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. तुमच्या भावाचे बूट धुऊन, वाळवून फळीवर ठेवले आहेत. दिलेले नाहीत.

रीनाचा व्यायाम सुरू आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, टाचा वर उचलायच्या आणि सावकाश खाली सोडायच्या. सोडणं जास्त महत्त्वाचं, असं ती म्हणते. मी तो स्वयंपाकघराच्या मागच्या दारात करते, कुकर लावला की. पहिली शिट्टी होईपर्यंत दोन्ही पायांनी, नंतर नुसत्या डाव्यानं. आता झालं असं की मागच्या दारासमोर सोमाजीभाऊंची न्हाणी आहे आणि मध्ये जेमतेम माझ्या नाकापर्यंतची भिंत. चार दिवस त्यांच्या बायकोनं पाहिलं की वच्छला सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून डोकं वर काढते, खाली जाते, पुन्हा वर काढते. पाचव्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून आली. "काऊन व वच्छला, माह्या नवरा आंघोळ करून राह्यला, तुले का पाह्याचं आहे?" मी म्हटलं, "मले पोटरी बनवाची आहे." ती म्हणाली, "मंग दुसऱ्या भित्तीवर बनव." आता मी पुढच्या दारात करते. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारतात, कोण येणार आहे? त्यांना वाटतं मी कोणाची तरी वाट पाहते आहे.

पण टाच उचलते, चंदाबाई. काल डावी एकटी उचलली गेली. थोडीच, पण उचलली. मी कुकर बंद करायचा विसरले आणि भाताला खालून लागलं.

आता बुटांचं. इतके दिवस सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुम्ही तुमच्या भावाला माझ्या मागे पळायला लावलं, म्हणून सांगते. निशा, इथून पुढे हळू वाच. आजीला पाणी दे.

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठीच ते बूट आणले होते. रोज उजाडताना ते बूट घालून, नाडी बांधून निघायचे आणि तासाभरानं घाम पुसत यायचे. मी लिंबूपाणी करून ठेवायची. तेरवीच्या दिवशी तुम्ही येईल त्याच्या गळ्यात पडून सांगत होता, "रोज चाले वो माह्या भाऊ, तरी देवानं नेला." लोक हळहळत होते.

त्याच दिवशी दान द्यायला म्हणून मी बूट उचलले. पुसायला उलटे केले. तळवे कोरे होते. दुकानातून आणले तेव्हाची रबराची बारीक टोकंसुद्धा झिजली नव्हती.  टपरीवाला मुन्ना पंगतीत वाढायला आला होता, त्याला बोलावलं आणि बूट दाखवले. त्याची मान खाली गेली. म्हणाला, "काकी, काका रोज माह्या टपरीवरच बसत. आलुबोंडे खात, पेपर वाचत. निंगाच्या वक्ती तोंडावर पाणी मारत."

म्हणजे मी रोज ज्या घामासाठी लिंबूपाणी करत होते तो मुन्नाच्या माठातला होता.

मला रडू आलं नाही, राग आला. असा राग मला लग्नातही आला नव्हता, आणि तुम्हाला आठवत असेल की लग्नात तुमच्या काकांनी मंडप पाडला होता. दुसऱ्या दिवशी मी बूट घातले आणि तलावाला फेरी मारली. म्हटलं, तो चालला नाही तर बूट तरी चालतील. रोज जायला लागले. राग चालण्यात मावेना म्हणून धावायला लागले. नंतर राग कधी गेला ते कळलं नाही, धावणं राहिलं. अजून मला त्यांची पहिली गाडी असल्यासारखी पहाटे जाग येते. तेव्हा उठून करायला काहीतरी लागतंच.

तुम्हाला हे तेव्हा का सांगितलं नाही? तुम्ही इतक्या अभिमानानं "रोज चाले" म्हणत होता. त्यातून तुमचा भाऊ काढून घेणं मला जमलं नाही. मला तुम्ही निर्लज्ज म्हणालात ते चालून गेलं.

आता सांगून टाकलं आहे. लाथ मारायची नसेल तर मारू नका.

वच्छला

&nbsp;

एटापल्ली, २२ डिसेंबर २०२४

मामीआजी, मी निशा लिहून राह्यली. आजी म्हणते का मी बोलतो तसंच लिही, शाळेतलं लिहू नोको. म्हणून तसंच लिहितो.

वच्छला,

तुह्ये तिन्ही पत्र आईकले. पयल्या पत्राले निशी येवढी हासली का तिले ठसका लागला. मी नाई हासली. मी रागात होती.

तू मले सांगते का मुखरू चालत नोहता. मले का सांगते? मले माईत होतं.

रोज सकाळी त्याचा फोन ये. "बाई, तलावाले दोन चक्कर मारले." धापा टाकल्यावानी बोले. आन मांगून कढईचा आवाज, चर्रर्र. मी म्हणो, "काऊन रे मुखऱ्या, तलावात तेल भरलं का?" तो म्हणे, "बाई, पाऊस पडून राह्यला." मे महिन्यात!

मी हासो आन फोन ठेवो. मले वाटे, भाऊ खुश हाय, आपल्यासंग बोलते, भेटलं सारं. तुले सांगतलं अस्तं तं तू त्याले काठी घेऊन पाळीवर फिरवलं अस्तं. मी नाई सांगतलं. तो गेला तवापासून हेच डोक्यात हाय का वच्छलाले एक शबूद सांगाले पायजे होता.

तेरवीले मी बोंबलून सांगत होती का रोज चाले, ते तुह्यासाठी सांगत होती. लोकं म्हणतीन बायकोनं ध्यान नाई देल्लं, म्हणून. आन तू मले वाचवत होती म्हणते. म्हणजे दोघी जनी एका खोट्याले दोन बाजूनं धरून उभ्या होतो, आन तो वरून पाहून हासत असन.

आता बुटाचं आईक. ते मले लच्छूसाठी नोहते पायजे. लच्छूचा पाय केवढुसा, त्या बुटात दोन लच्छू मावतीन. माह्या मनात होतं का बूट त्याच्यासंग गेले पायजे. इथी नाई चालला, तं तिथी तरी चालन. तिथी मुन्नाची टपरी नाई. आन तू तेच घालून निंगाली. मले वाटलं, माह्या भावाचा चालाचा शेवटचा मौका हे घेऊन चालली.

पोटरी तो नाई धरत. ते मी रागात म्हटलं होतं. त्याच्यानं पळनं होतच नाई.

मलेही डॉक्टरनं चालाले सांगतलं हाय. शुगर निंगाली. मी म्हटलं पाहू.

लाथ मारीन. कवा येऊ ते लिही. न्हाणीच्या भित्तीचं मले आवडलं, ते निशीकडून दोनदा वाचून घेतलं.

चंदा

(आजी रडून राह्यली, पण म्हणते का हे लिहू नोको. — निशा)

&nbsp;

मूल, ३ जानेवारी २०२५

चंदाबाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कुकर लावलाच नाही. सोमाजीभाऊंच्या बायकोनं भाकरी आणून दिली. तिला वाटलं पुन्हा बिब्बा लावला.

त्यांनी मे महिन्यात पाऊस पाडला, हे वाचून मी इतकी हसले की मग बराच वेळ थांबता आलं नाही. त्यांचं एवढं नवं काही मला पुष्कळ दिवसांत कोणी सांगितलं नव्हतं. आणखी असेल तर येताना घेऊन या.

एक शब्द सांगायला हवा होता म्हणता. सांगितला असता तर ते दुसऱ्या टपरीवर गेले असते. गावात तीन आहेत. हे मी तुमची समजूत काढायला लिहीत नाही, मी त्या माणसासोबत राहिले आहे.

रीना म्हणते, दहा किलोमीटर विसरा. तीन करा, तेही थोडं धावून थोडं चालून, आणि पोटरी जराही ओढली तर थांबा. मी तिच्याशी भांडले, मग ऐकलं. आता डावी टाच उजवीसारखी उचलते. आठवड्यातून तीन दिवस धावते, मध्ये मध्ये चालते. शगुफ्ता म्हणते, "भाभी, तुम्ही तर पॅसेंजर गाडी झाल्या, प्रत्येक स्टेशनवर थांबता."

एक फेब्रुवारीला शनिवारी या. लाथ त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सोबत गडचिरोलीला जाऊ, तिथूनच तुम्हाला आलापल्लीची बस मिळेल, तिथून पुढे एटापल्लीची. शगुफ्तानं तुमचंही नाव तीन किलोमीटरला घातलं आहे. तिला मी नको म्हटलं होतं. तिनं तुमचं वय विचारलं, मी अंदाजानं सांगितलं. रागावू नका, कमीच सांगितलं.

वच्छला

&nbsp;

मूल, ८ फेब्रुवारी २०२५

चंदाबाई,

तुम्ही एटापल्लीत काय सांगत फिरता ते लच्छूकडून कळलं. तुमच्या लाथेनं माझी पोटरी बरी झाली आणि तुम्ही मला हात धरून ओढत दौड पूर्ण करून दिली, असं. निशा लिहिती-वाचती पोरगी आहे, तिला तरी खरं काय घडलं ते माहीत असावं, म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी तुम्ही आलात. अर्धी गल्ली अंगणात जमली होती. शगुफ्ता मोबाइल धरून उभी होती. मी चटईवर पालथी झाले. तुम्ही पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि मला वाटलं आता हळूच तीनदा पाय लावतील, तिकडच्या लोकांना लावता तसा. तुम्ही जी लाथ घातली ती आवाजासकट शगुफ्ताच्या मोबाइलमध्ये आहे. सोमाजीभाऊंची कोंबडी उडाली. आणि ती लाथ उजव्या पोटरीवर बसली, चंदाबाई. दुखरी डावी होती.

मी ओरडले, "बाई, डावी! डावी!"

तुम्ही म्हणालात, "राहू दे. हे बी कवातरी फाटलीच अस्ती."

रीनाला सोमवारी फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, "उजवीला बर्फ लावा."

नंतर तुम्ही दारात बसून पाय धुतलेत आणि फळीवरचे बूट पाहिलेत.  मी म्हटलं, घ्या, तुमच्यासोबत पाठवायलाच काढून ठेवले आहेत, कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा. तुम्ही एक बूट हातात घेतला, तळवा पाहिला. माझ्या धावण्यानं तो पुढून अगदी झिजला आहे. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात आणि पाय आत घातला. बसला. चिंधी नको, काही नको. टाच मागे टेकली, अंगठ्यापुढे जेवढी हवी तेवढी जागा. दुसराही बसला. तुम्ही उभ्या राहून म्हणालात, "आमच्या घरचे पायच मोठे. मुखऱ्या माह्यावर गेला." मग शगुफ्ता मोबाइल बंद करून माझ्याकडे न पाहता म्हणाली, "चला, चहा कोण बनवते?" आणि स्वतःच बनवायला गेली.

बहिणीच्या घरी गेलं तर दान पोचलंच. तेवढं मलाही कळतं.

आता दौडीचं. तुम्ही मला ओढलं नाही. पहिल्या वळणापर्यंत मी धावले आणि तुम्ही मागून ओरडत होता, "वच्छला, हळू! फाटन!" वळणावर मी चालायला लागले तेव्हा तुम्ही मला गाठलं. नऊवारी, छातीवर नंबरचा कागद, पायात ते बूट. आणि तुमच्या चपला कोणाच्या हातात होत्या? माझ्या. "बूट चावले तं चपला लागतीन," असं म्हणून तुम्ही त्या मला दिल्या होत्या. म्हणजे आयुष्यातली पहिली दौड मी नणंदेच्या चपला हातात घेऊन केली. फोटोतही तशीच आली आहे. शगुफ्तानं तो फोटो मोठा करून दुकानात लावला आहे, गिऱ्हाईकं विचारतात की ही बाई कोणाला मारायला पळते आहे.

थोडं धावत, थोडं चालत आपण पोचलो. पोटरी एकदाही बोलली नाही. मी प्रत्येक पावलाला तिचा कानोसा घेत होते, मागून दगड येईल म्हणून. आला नाही. शेवटची कमान दिसली तेव्हा दहा किलोमीटरवाली पोरंसुद्धा पोचून केळी खात होती. मी कमानीखाली थांबले. तुम्ही थांबला नाहीत.

एक पोरगा पळत आला, "मावशी, झालं! इथी संपते!"

"तुह्यं संपलं असन," तुम्ही म्हणालात, "आमच्या माणसाचं राह्यलं हाय."

आणि सरळ रस्त्यानं चालत राहिलात. मी तुमच्या मागे निघाले. रीनानं तीनच सांगितले होते, पण चालायला तिनं कधी मनाई केली नाही. तो पोरगा थोडा वेळ आपल्या सोबत आला, मग कोणाला तरी फोनवर सांगत मागे राहिला की दोन म्हाताऱ्या रस्ता सोडून चालल्या. म्हातारी ती तुम्ही, हे मी त्याला सांगणार होते.

त्यांचं किती राहिलं होतं हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही.  चौक गेला, दवाखाना गेला, आलुबोंड्यांची एक गाडी लागली तेव्हा तुम्ही पदर नाकाला लावलात आणि पाय उचललेत. मला पहिल्यांदा वाटलं की आपण तिघं चाललो आहोत, आणि तिसऱ्याला धाप लागली आहे, पण खरी.

बसस्टँडवर शगुफ्ता तुमची पिशवी घेऊन उभी होती. आलापल्लीची बस सुटतच होती. तुम्ही नंबरच्या कागदासकट चढलात. खिडकीतून सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणालात, "लाथेनं बरी झाली हे! माह्या लाथेनं!" मी उत्तर देईपर्यंत बस निघाली.

बस दिसेनाशी झाल्यावर मला कळलं की तुमच्या चपला माझ्याच हातात आहेत.

त्या मी घरी आणून दाराशी ठेवल्या आहेत. लच्छू मंगळवारी आला होता, मागत होता, दिल्या नाहीत. कोणाच्या हातानं पाठवणार नाही. न्यायला तुम्ही स्वतः या, तेच बूट घालून या, आणि जाताना एक जोड इथेच राहू द्या.

वच्छला